शिळं हसू

माझं हसू नेहमी शिळं असायचं. टीव्हीवर काहीतरी घडायचं, खोलीतले सगळे खो-खो हसायचे, मग मी विचारायचो, "काय झालं?" मग कुणीतरी सांगायचं आणि मग मी हसायचो. तोवर बाकीचे पुढच्या प्रसंगात पोचलेले असायचे. वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते घोडं म्हणजे मी. एकट्यानं हसणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला दिसत नाही, पण ऐकू येतं.

भातकुलीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेकडेचं, आणि निवृत्तीच्या सुमारास मधलंही गेलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, त्याला औषध नाही. लोक बोलण्याच्या ओघात माझ्यासमोर "आंधळ्याच्या गायी देव राखतो" म्हणून जातात आणि मग जीभ चावतात. मला त्याचा राग येत नाही. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, देवाचं खातं घरात नाही, त्यामुळे माझ्या गायी संध्या राखते.

संध्या माझी बायको. अमरावतीत पोस्टाच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांशी डोकं लावून घरी येते, स्वयंपाक उरकते, आणि जेवणं झाली की माझ्या डाव्या बाजूला बसून मला टीव्ही सांगते. तिची सांगायची एक रीत आहे. साडी आली की ती काठापदरासकट सांगते, "आपल्या पार्बताबाईच्या पोरीच्या लग्नात विहीणबाईनं नव्हती का नेसली, तशी." मारामारी आली की, "चालू हाय, होऊ द्या." आणि नायक-नायिका जवळ आले, बोलणं थांबलं, नुसतं संगीत वाजायला लागलं की, "काही नाही."

"काही नाही कसं? एवढा वेळ पेटी वाजते!"

"काही नाही म्हटलं ना. पाहून राहिले एकमेकाइकडे."

गेल्या वर्षी आम्हाला 'टाकी' या मालिकेनं धरलं. गावात पाण्याची उंच टाकी बांधलेली, बिलं निघालेली, उद्घाटनं झालेली, पण टाकीत पाण्याचा थेंब नाही, अशी गोष्ट. सरपंचाचं बोलणं असं की मला एकेक वाक्य पाठ. पण अधूनमधून सगळं गप्प व्हायचं आणि संध्याला हसू फुटायचं. मी विचारायचो, काय झालं? ती हसता हसता म्हणायची, "सरपंचाचा चहा सांडला." कधी, "खुर्ची सरकली." कधी, "हार पडला." मी मागाहून हसायचो. मनात मात्र म्हणायचो, ही ग्रामपंचायत आहे की भुताटकी? इथे वस्तू आपोआप का हलतात? टपरीवर लोक बबन-बबन करायचे, तेव्हा मला वाटायचं कुणी नवा नगरसेवक असेल.

मग एक दिवस पुण्याहून आमच्या प्रणालीचा फोन आला. ती तिथे नोकरीला आहे.

"बाबा, 'टाकी'ले आता चित्रवर्णन आलं. मराठीत. पडद्यावर काय चाललं ते एक बाई मधातल्या जागेत सांगते. आईले म्हणा, आवाजाच्या सेटिंगमध्ये जा."

संध्या आवाजाच्या सेटिंगमध्ये न जाता शेजारच्या कुठल्यातरी सेटिंगमध्ये गेली आणि टीव्ही बोलायला लागला. जिथे बोट तिथे बोल. "घर. शोधा. मुलांसाठी." घाबरून तिनं भलतंच बटण दाबलं, अ‍ॅप बाहेर पडलं, पुन्हा आत शिरायला पासवर्ड मागू लागलं. ती एकेक अक्षर टाकत गेली आणि टीव्ही एकेक अक्षर खणखणीत वाचत गेला, खिडक्या सताड उघड्या. भिंतीपलीकडून पार्बताबाईंनी आवाज दिला, "काय वो संध्या, येवढ्या जोरात एबीसीडी कोण शिकून राहिलं?" आमचा पासवर्ड त्या दिवशी सगळ्या गल्लीला पाठ झाला.

शेवटी जमलं. मी म्हटलं, पहिल्या भागापासून लाव. सरपंचाचं ते नेहमीचं भाषण सुरू झालं, थांबलं, आणि त्या जागेत एक शांत, स्वच्छ आवाज आला: "कोपऱ्यात स्टुलावर शिपाई बबन. सरपंच पाठ फिरवतो. बबन सरपंचाचा चहा पिऊन टाकतो आणि कपात माठातलं पाणी ओततो."

मी हसलो. संध्याही हसली, त्याच क्षणी. मग मी थांबलो.

"हा बबन कोण?"

"कोण म्हंजे? शिपाई."

"कधी आला?"

"कधी आला म्हंजे काय, पयल्या भागापासून हाय तो."

पुढे पुढे ऐकत गेलो तसा माझा पारा चढत गेला. चहा सांडत नव्हता, बबन सांडत होता. खुर्ची सरकत नव्हती, बबन सरकवत होता. हार पडत नव्हता, बबन तो टाकीच्या पायाला घालून रोज सकाळी टाकीला सलाम करत होता. हा माणूस अख्ख्या मालिकेत एक शब्द बोलत नाही, आणि महाराष्ट्र त्याच्यासाठीच ती मालिका बघत होता. चाळीस जणांच्या वर्गाला मी कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलं, आणि माझ्याच घरात एवढे दिवस कर्ता गाळलेली वाक्यं ऐकून मुकाट हसत बसलो.

"संध्या, तू मले एक आख्खा माणूस सांगितला नाही!"

"तो बोलतच नाही, तं काय सांगू त्याचं?"

"वा! बोलणारा तं मले ऐकू येते. न बोलणाऱ्याचंच तं सांगाचं रायते!"

मी हे शिक्षकाच्या आवाजात बोललो. तो आवाज निवृत्त झाला नाही, हे माझं दुर्दैव. संध्या उठली.

"दिवसभर तिथी लोकाइले सांगू सांगू माह्या तोंडाले फेस येते. घरी येऊन तुमाले सांगतो. आजवर कोणी पगार देल्ला नाही त्याचा, अन् आज चुका काढून राहिले. बरं झालं, आता तुमची बाई हाय ना. तिलेच इचारा."

आणि आत निघून गेली. त्यानंतर भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला चहा दिला, टीव्ही लावून दिला, बाईचा आवाज सुरू करून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. माझंही डोकं गरम होतं, मी बोलावलं नाही. खोटं कशाला सांगू, मालिका बघायला मला फार मजा आली. कुणाच्या तोंडाकडे कान लावायला नको, कुणाला विचारायला नको. बबननं चहा प्यायला की मी हसत होतो, ताजं ताजं. एकदा तर बबन सरपंचाच्या खिशातून चष्मा काढून म्हशीला लावतो, तिथे मी इतका हसलो की ठसका लागला. कुणी पाणी आणलं नाही. मग लक्षात आलं की वेळेवर हसलो खरा, पण खोलीत एकटाच हसलो. आधी माझं हसू शिळं होतं, पण निदान पंगतीत होतं.

शिवाय ती बाई "निळी साडी" म्हणायची आणि पुढे जायची. कसली निळी, कुणाच्या लग्नातली निळी, काही नाही. मला संध्याची आठवण यायची आणि संध्या तर भिंतीपलीकडे पोळ्या लाटत होती. चूक माझी होती हे मला कळत होतं, पण कबूल कसं करायचं हे कळत नव्हतं.

शेवटचा भाग यायचा त्या रविवारी अकोल्याहून खुशालरावांचा फोन आला. खुशालराव म्हणजे संध्याचे थोरले भाऊ. "जवाईबापू, इकडेच या. मोठा टीव्ही घेतला. सगळे मिळून पाहू." त्यांच्याकडे सगळे जमायचे म्हणजे पंधरा माणसं, आणि पंधरा माणसांत मला हसायचं म्हटलं की धास्तीच वाटते. पण या वेळी मला जायचं होतं. त्या पंधरा जणांबरोबर, त्यांच्याच क्षणाला, एकदा तरी हसायचं होतं. आणि संध्या शेजारी हवी होती.

एसटीत ती माझ्या डाव्या बाजूला बसली, पण बोलली नाही. एरवी हा सगळा रस्ता ती मला वाचून दाखवते. कपाशी फुटली, तूर पिवळी झाली, कुणाच्या वावरात रोह्यांचा कळप शिरला, कुठे नवा पेट्रोल पंप आला. या वेळी मला मूर्तिजापूर आलं ते कंडक्टरच्या आवाजावरून कळलं. मी विचारलं, "तूर फुलली का वो?" ती म्हणाली, "फुलली." एवढंच. त्या एका शब्दानं मला फार वाईट वाटलं.

खुशालरावांकडे जयभीम झाला, पाणी झालं, गरम आलुबोंडे आले. सासूबाई, गोदाबाई, समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. सगळे आपापली जागा धरून बसले तेव्हा मी विषय काढला. चित्रवर्णन लावता येईल का?

खुशालराव वाईट माणूस नाही. ते खरोखरच अडचणीत पडले. "जवाईबापू, मी पायलं एकदा ते लावून. ते बाई मधात मधात बोलते ना, तं मजा जाते पाहाची. तुमी असं करा, मोबाइलवर लावा अन् कानात घाला. तुमचं तुमाले, आमचं आमाले."

मी बरं म्हटलं. संध्यानं माझ्या मोबाइलवर भाग लावला, कानात एक बोंडूक घालून दिलं, आणि खुशालरावांनी "एक, दोन, तीन" म्हणून टीव्ही आणि मोबाइल एकदमच सुरू केले. दोन मिनिटं सगळं छान. मग अकोल्याचं नेट ते अकोल्याचं नेट. टीव्ही मध्येच अडकला, गोल गोल फिरला, पुन्हा चालू झाला. माझा मोबाइल मात्र अडकला नाही. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

कानातली बाई म्हणाली, "बबन मंत्र्याच्या फेट्यात गुपचूप टाकीची चावी लपवतो." मी मोठ्यानं हसलो. खोली एकदम शांत झाली.

"काय झालं?" खुशालराव म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न दुसऱ्या कुणीतरी मला विचारला होता. मी उत्तर देण्याआधीच टीव्हीवर फेट्यात चावी गेली आणि सगळे हसले. मी पुढे गेलो होतो. घोडं वरातीच्या पुढे! पुन्हा तसंच झालं. पुन्हा मी हसलो, पुन्हा खोली थांबली, मग हसली. तिसऱ्या वेळी तर पोरं टीव्ही सोडून माझ्याकडेच बघायला लागली असावीत, कारण मी हसल्याबरोबर ती हसली, पडद्यावर काही व्हायच्या आधीच.

"जवाईबापू, तुमी तं आमचं आधीच फोडून राहिले!" खुशालराव म्हणाले. सगळे हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी मी मागे एकटा होतो, आता पुढे एकटा. मी कानातून ते काढलं आणि म्हटलं, "राहू द्या. मी ऐकतो नुसतं."

तेव्हा समोरच्या खुर्चीतून गोदाबाई बोलल्या.

"काऊन राहू द्या? लावा ना ते बाई मोठ्यानं."

"माय, तुले कायले पायजे ते?" खुशालराव म्हणाले. "तुले तं दिसते."

"कोणं सांगतलं तुले? मले दिवाळीपासून नुसते रंग दिसते. हिरवं गेलं, लाल आलं. तुमी हसले का मी हसतो."

मी त्या खुर्चीच्या दिशेनं तोंड केलं. माझ्यासारखंच शिळं हसू हसणारं दुसरं माणूस याच खोलीत बसलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. ते माझ्याहून हुशार होतं, इतकंच. विचारत नव्हतं, नुसतं साथ देत होतं.

"अवं, पण सांगाचं ना आमाले!" खुशालरावांचा आवाज चिरका झाला होता.

"तुमी इचारलं काऊन नाही?"

खुशालराव उठले. उद्याच डॉक्टरकडे नेतो, मोतीबिंदू असेल, काढून टाकू, असं पुटपुटत त्यांनी रिमोट संध्याच्या हातात दिला. "तुले येते ते, लाव तू." यावेळी संध्या बरोबर आवाजाच्या सेटिंगमध्येच गेली. भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि ती शांत आवाजाची बाई पंधरा माणसांच्या खोलीत मोठ्यानं बोलायला लागली.

पहिली पाच मिनिटं पोरं कुरकुरली. मग विसरून गेली. मध्येच गोदाबाईंनी विचारलं, "बबननं घातलं काय हाय?" बाईनं ते सांगितलं नव्हतं. आणि माझ्या डाव्या बाजूनं, कितीतरी दिवसांनी, तो आवाज आला.

"खाकी हाय ना माय. अन् उजवी बाही उसवेल हाय. आपल्या नत्थुजी चपराश्याची नव्हती का, तशी."

"हा, नत्थुजीवानी," गोदाबाई समाधानानं म्हणाल्या. त्यानंतर बाई सांगत गेली आणि बाईचं जे राहिलं ते संध्या सांगत गेली. दोघींची कुठेच टक्कर झाली नाही. मी मध्ये बसून दोघींचं ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की हातातला आलुबोंडा खायचाच राहिला.

शेवटचा प्रसंग आला. मंत्री नळाची तोटी सोडायला उभा, सगळं गाव जमलेलं, टाकी कोरडी ठाक. कुणी काही बोलेना. बाई म्हणाली, "बबन टाकीच्या शिडीवर. खांद्यावर घागर. तो वर पोचतो, झाकण उघडतो, घागर टाकीत रिकामी करतो." आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. "मंत्री तोटी फिरवतो. पाण्याची बारीक धार. धार तुटते. चार थेंब. गाव टाळ्या वाजवतं. वर टाकीवर बबनही रिकामी घागर काखेत धरून जोरजोरात टाळ्या वाजवतो."

आणि आम्ही हसलो. सगळे, एका दमात. खुशालरावांचं ते दमेकऱ्यासारखं हसू, वहिनींचं खिदळणं, पोरांचा गोंधळ, गोदाबाईंचं बिनदाताचं, फुस्स फुस्स. आणि त्यात माझं. ना मागे, ना पुढे. मी हसता हसता एकेकाचं हसू कानानं ओळखत होतो, जसा वर्गात हजेरी घ्यायचो तशी. सगळे हजर होते. फक्त माझ्या डाव्या बाजूला काही ऐकू येत नव्हतं.

"संध्या," मी हळूच विचारलं. "काय झालं?"

"काही नाही."

मी तिचा हात शोधला. "चुकलं माह्यं. तुह्यावर ओरडलो ते. पण येवढं खरं हाय वो, न बोलणाऱ्याचंच सांगाचं रायते."

मग तिनं घसा साफ केला आणि त्या टीव्हीतल्या बाईसारखा शांत, स्वच्छ आवाज काढला. वऱ्हाडीत.

"संध्या पिवया साडीत बसेल हाय. तिच्या हातात रिमोट हाय. सगळे टीव्हीकडे पाहून राहिले, ते नाही पाहून राहिली."

"मंग कुठी पाहून राहिली?"

"तिचा नवरा आज येळेवर हसला," ती म्हणाली. "ते पाहून राहिली."